‘रिझल्ट’ हा शब्द इंग्रजीत नीट कसा वापरायचा

सांगली-साताऱ्याकडे इंग्रजी न शिकलेला माणूससुद्धा ‘रिझल्ट’ हा शब्द सहज वापरतो. तासगावचा द्राक्षबागायतदार डाउनी या द्राक्षावरच्या रोगाबद्दल म्हणतो, “डाउनीवर या औषधाचा रिझल्ट चांगला हाय.” दहावीच्या मुलाची आई शेजारणीला विचारते, “रिझल्ट कधी लागणार गं?” शब्द तोंडात इतका रुळलेला असतो, म्हणूनच इंग्रजी लिहायला बसल्यावर तो गोंधळ घालतो. आपण त्याला मराठी वाक्याच्या जागी जसा ठेवतो, तसाच इंग्रजी वाक्यात ठेवतो आणि वाक्य बिघडतं.

हा लेख कॉलेजचा प्रोजेक्ट इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आहे, कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत नुकतेच कामाला लागून साहेबांना इंग्रजीत मेल पाठवणाऱ्यांसाठी आहे, आणि नोकरीचा अर्ज करणाऱ्यांसाठीही. व्याकरणाचं पुस्तक पाठ करायची गरज नाही. लिहिण्याआधी मनात मराठीतच दोन प्रश्न विचारायचे: काय घडलं? आणि कशामुळे घडलं? ही दोन उत्तरं वेगळी काढता आली, की या शब्दाच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. माझा सगळा भर त्यावरच आहे.

पहिली पायरी: उच्चार

‘रि’ हलका, ‘झल्ट’वर जोर. आपल्याकडे बोलताना शेवटचा ट गिळला जातो आणि ‘रिझल’ एवढंच ऐकू येतं. मुलाखतीत तो ट स्पष्ट उच्चारा. अनेकवचनात ‘रिझल्ट्स’ म्हणताना शेवटचा स ऐकू आला पाहिजे, कारण पुढे दिसेल तसा त्या एका स मुळे अर्थ बदलतो. भूतकाळी रूप ‘रिझल्टेड’, तीन अवयवांचं: रि-झल-टेड.

दुसरी पायरी: मराठीतला कोणता शब्द मनात आहे ते ओळखा

मराठीत आपण निकाल, परिणाम, गुण, फळ अशी कामं वाटून दिलेली आहेत. इंग्रजीतला ‘रिझल्ट’ यातली काही कामं करतो, सगळी करत नाही. म्हणून मनातला मराठी शब्द आधी पकडा.

निकाल असेल तर: परीक्षेचा, निवडणुकीचा, सामन्याचा निकाल म्हणजे ‘रिझल्ट’, बिनधास्त लिहा. २०१९ मध्ये सातारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तिचा निकाल म्हणजे ‘द रिझल्ट ऑफ द सातारा बाय-इलेक्शन’. पण कोर्टाचा निकाल हा ‘रिझल्ट’ नव्हे. तिथे ‘जजमेंट’ म्हणतात, वर्तमानपत्रात ‘व्हर्डिक्ट’ही दिसतं. “द कोर्ट गेव्ह इट्स रिझल्ट” असं लिहिलं तर वकील मंडळींना ते खटकणारच. तसंच ‘एखाद्या गोष्टीचा निकाल लावणे’ म्हणजे ती संपवून टाकणे, याच्याशी ‘रिझल्ट’चा काही संबंध नाही. तिथे ‘सेटल’ किंवा ‘फिनिश’ असं साधं क्रियापद घ्या.

शाळेच्या निकालाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. आपल्याकडे शाळांच्या फलकावर ‘उज्ज्वल निकालाची परंपरा’ लिहिलेलं असतं आणि खाली ‘निकाल १०० टक्के’. कोल्हापूर विभागीय मंडळात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात. विभागाचा निकाल अमुक टक्के लागला अशी बातमी येते, तेव्हा इतके टक्के मुलं उत्तीर्ण झाली एवढंच त्यात म्हटलेलं असतं. हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण “अवर स्कूल्स रिझल्ट इज हंड्रेड पर्सेंट” हे परदेशातल्या माणसाने वाचलं तर त्याला वाटेल, प्रत्येक मुलाला शंभरपैकी शंभर मिळाले. ३५ गुणांवर पास झालेला मुलगाही त्या शंभर टक्क्यांत आहे, हे त्याला कळणार नाही. इथे ‘पास पर्सेंटेज’ हा शब्द वापरा, किंवा सरळ “ऑल अवर स्टुडंट्स पास्ड” लिहा. शिक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज करताना “आय गेव्ह हंड्रेड पर्सेंट रिझल्ट” असं लिहिण्यापेक्षा किती मुलं बसली आणि किती पास झाली, ते आकडे द्या. तुमच्या मेहनतीला त्यातच न्याय मिळतो.

औषधाचा गुण असेल तर: “या औषधाचा रिझल्ट चांगला आहे” याचं शब्दाला शब्द इंग्रजी करू नका. इंग्रजीत औषध ‘काम करतं’. “धिस स्प्रे वर्क्स वेल अगेन्स्ट डाउनी मिल्ड्यू” हे तासगावच्या बागेतलं वाक्य झालं. ‘रिझल्ट’ वापरायचाच असेल तर तो औषधाचा नको, आपल्याला मिळालेला म्हणून सांगा: “वुई गॉट गुड रिझल्ट्स विथ धिस स्प्रे.” इथे ‘विथ’ लक्षात ठेवा. कृषी सेवा केंद्रात काम करणाऱ्या आणि कंपनीला इंग्रजीत फीडबॅक पाठवणाऱ्या पोरांनी हे एक वाक्य पक्कं केलं तरी पुष्कळ झालं.

खेळातला निकाल असेल तर आपल्याकडच्या माणसाला हे चटकन समजेल. जत्रेच्या फडात दोन मल्ल बराच वेळ नुसते खडाखडी करत राहिले, की प्रेक्षकांतून ओरड सुरू होते: कुस्ती निकाली करा. बरोबरीत सोडवलेली कुस्ती कुणालाच नको असते. ब्रिटनमध्ये फुटबॉलचे लोक नेमक्या याच अर्थाने बोलतात: “वुई नीड अ रिझल्ट टुडे.” म्हणजे आज काहीतरी पदरात पडलं पाहिजे, शक्यतो विजय. निकाली कुस्तीला मात्र इंग्रजीत ‘अ फाइट टू अ फिनिश’ म्हणा.

क्रिकेटमध्ये तीन शब्द वेगळे ठेवा. धावा सारख्या होऊन सामना संपला तर ‘टाय’. १९८६ मध्ये मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी अशी टाय झाली होती. कसोटीचे दिवस संपले आणि कुणी जिंकलं नाही तर ‘ड्रॉ’. आणि मर्यादित षटकांचा सामना पावसामुळे पुराच होऊ शकला नाही तर ‘नो रिझल्ट’. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-श्रीलंका अंतिम लढत कोलंबोत पावसाने दोनदा धुतली आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं, ते ‘नो रिझल्ट’चं ठळक उदाहरण.

तिसरी पायरी: ‘इन’ की ‘फ्रॉम’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘रिझल्ट’ हे क्रियापद म्हणून येतं, तेव्हा त्याच्यानंतर ‘इन’ येतो किंवा ‘फ्रॉम’, आणि या दोघांनी वाक्याची दिशा ठरते. ‘इन’च्या पुढे जे घडलं ते. ‘फ्रॉम’च्या पुढे ज्याच्यामुळे घडलं ते.

ऑगस्ट २०१९ चा पूर घ्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. काय घडलं? पूर आला. कशामुळे? खोऱ्यात कोसळलेल्या पावसामुळे. आता दोन वाक्यं करा. “हेवी रेन रिझल्टेड इन अ फ्लड.” “द फ्लड रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन.” दोन्ही बरोबर, दोन्ही एकच हकीकत सांगतात, फक्त सुरुवात वेगळ्या टोकाकडून आहे. तुम्ही पावसाबद्दल लिहीत असाल तर पहिलं घ्या, पुराबद्दल लिहीत असाल तर दुसरं. ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ची अदलाबदल केली तर पुरामुळे पाऊस पडला असं होऊन बसेल.

‘फ्रॉम’ का, हे समजायला शब्दाचं मूळ उपयोगी पडतं. हा शब्द लॅटिनमधल्या ‘रेझुल्तारे’वरून आला. त्याचा अर्थ उसळून मागे येणे. एखाद्या गोष्टीतून काहीतरी उसळून येतं, म्हणून ‘फ्रॉम’. त्याच घराण्यातला ‘रेझिलियंट’ हा शब्दही हल्ली फार ऐकू येतो: दाबलं तरी पुन्हा उसळून उभा राहणारा.

आपल्याकडची सर्वांत पसरलेली चूक म्हणजे ‘रिझल्टेड इन्टू’. ती येते कुठून, तर ‘टर्न इन्टू’, ‘कन्व्हर्ट इन्टू’ यांवरून. ‘वादाचं रूपांतर भांडणात झालं’ अशी मराठी वाक्यं डोक्यात असतात, म्हणून हात आपोआप ‘इन्टू’ लिहितो. वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रांतही हे दिसतं. तुम्ही मात्र ‘इन’ लिहा, कायम.

दुसरी चूक: “द डिले वॉज रिझल्टेड.” हे क्रियापद कुणावर काही करत नाही, त्यामुळे त्याचं कर्मणी रूप होत नाही. ‘वॉज रिझल्टेड’ हे शब्द शेजारी दिसले की त्यातला ‘वॉज’ खोडायचाच.

तिसरी चूक: ‘इन’च्या पुढे अख्खं वाक्य जोडणं. “अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट इन खंबाटकी घाट रिझल्टेड इन द रोड वॉज ब्लॉक्ड” हे मोडलेलं वाक्य आहे. ‘इन’च्या पुढे नाम हवं: “रिझल्टेड इन अ लाँग ट्रॅफिक जॅम.” नाम सुचत नसेल तर ‘बीइंग’ घाला: “रिझल्टेड इन द रोड बीइंग ब्लॉक्ड.” पण खरं सांगायचं तर “द अ‍ॅक्सिडेंट ब्लॉक्ड द रोड” हे सगळ्यांत चांगलं. जिथे साधं क्रियापद पुरतं, तिथे ‘रिझल्ट’ आणायची गरज नसते. कारखान्यातल्या मेलमध्येही तेच. “ब्रेकडाउन रिझल्टेड इन अ टू-डे डिले इन डिस्पॅच” ठीक आहे. “द ब्रेकडाउन डिलेड डिस्पॅच बाय टू डेज” त्याहून बरं.

कारण पक्कं नसेल तर? ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठवलेल्या पाण्याचा आणि या भूकंपाचा संबंध भूकंपशास्त्रज्ञ जोडतात. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या चर्चेत कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं. अशा विषयावर प्रोजेक्ट लिहिताना, जी गोष्ट डोळ्यांसमोर घडली तिच्यासाठी ठाम वाक्य घ्या: “द अर्थक्वेक रिझल्टेड इन लॉस ऑफ लाइफ.” आणि जी गोष्ट अभ्यासातून मांडलेली आहे तिच्यासाठी ‘मे हॅव’ वापरा: “द अर्थक्वेक मे हॅव रिझल्टेड फ्रॉम द फिलिंग ऑफ द रिझर्व्हॉयर.” दोन छोटे शब्द, पण परीक्षकाला लगेच कळतं की हा विद्यार्थी पाहिलेलं आणि अनुमान यांत फरक करतो.

चौथी पायरी: ‘त्यामुळे’ आणि ‘च्यामुळे’

‘अ‍ॅज अ रिझल्ट’ म्हणजे ‘त्यामुळे’. आधी एक वाक्य पूर्ण होतं, पूर्णविराम पडतो, मग हे येतं आणि पुढे स्वल्पविराम. “द ब्रिज वॉज क्लोज्ड. अ‍ॅज अ रिझल्ट, वुई केम लेट.” ‘अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ’ म्हणजे ‘च्यामुळे’, त्याच्या पुढे नाम: “अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ द फ्लड, द ब्रिज वॉज क्लोज्ड.” मधला ‘अ’ गाळू नका, ‘अ‍ॅज रिझल्ट’ असं काही नसतं. आणि ‘ड्यू टू द रिझल्ट ऑफ’ असं दोन कारणवाचक शब्दांचं जोडकाम तर अजिबात नको, एकच घ्या.

‘विथ द रिझल्ट दॅट’ हा प्रयोगही बरोबर आहे, त्याच्या पुढे मात्र पूर्ण वाक्य चालतं. बोलण्यात तो जड वाटतो. मी तो नवशिक्यांना सुचवत नाही, साधा ‘सो’ वापरा.

पाचवी पायरी: एक की अनेक

एका विषयाचा, एका सामन्याचा, एका मतदारसंघाचा तो ‘रिझल्ट’. सगळ्या विषयांचे मिळून, सगळ्या जागांचे मिळून ते ‘रिझल्ट्स’. म्हणून दहावीचा निकाल लागला हे सांगताना “द रिझल्ट्स आर आउट” म्हणतात. ‘लागला’चं भाषांतर करायला जाऊ नका; ‘माय रिझल्ट वॉज कम’ ही त्याच धडपडीतून जन्मलेली चूक आहे. “माय रिझल्ट्स हॅव कम आउट” किंवा “हॅव बीन डिक्लेअर्ड” लिहा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दर तिमाहीला आपले आकडे जाहीर करतात, तेही नेहमी ‘क्वार्टर्ली रिझल्ट्स’, अनेकवचनात. गूगलवर शोधल्यावर येतात ते ‘सर्च रिझल्ट्स’.

एकवचन असेल तर आधी ‘अ’ किंवा ‘द’ किंवा ‘माय’ हवाच. “आय गॉट गुड रिझल्ट” यात काहीतरी राहिलंय असं वाटतं, कारण खरंच राहिलंय: “अ गुड रिझल्ट”.

सहावी पायरी: दवाखान्यातला रिझल्ट

इथे चुकीचा शब्द नुसता खटकत नाही, त्रासही देतो. घरात कुणी आजारी असेल आणि मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना मेल करायचा असेल, तर हे नीट वाचा.

आपण ‘रिपोर्ट आला’ म्हणतो आणि कागद व आकडा दोन्ही त्यातच धरतो. इंग्रजीत ‘रिपोर्ट’ म्हणजे लॅबने दिलेला कागद, ‘रिझल्ट’ म्हणजे त्यावर लिहिलेली मोजणी किंवा निष्कर्ष. एका रिपोर्टमध्ये दहा रिझल्ट्स असू शकतात. डॉक्टरांना “रिपोर्ट इज १४०” असं पाठवण्यापेक्षा “द फास्टिंग शुगर रिझल्ट इज १४०” लिहा, म्हणजे कशाचा आकडा ते कळेल. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर सर्वसाधारण, १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर मधुमेहाच्या अंगाने विचार करतात आणि बहुधा चाचणी पुन्हा करायला सांगतात. जेवणानंतरच्या साखरेच्या मर्यादा वेगळ्या. म्हणून ‘फास्टिंग’ हा शब्द न लिहिता नुसता आकडा पाठवला तर त्याचा अर्थच लागत नाही.

मग ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’. इतर वेळी पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. लॅबमध्ये मात्र पॉझिटिव्ह रिझल्ट म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं, निगेटिव्ह म्हणजे सापडलं नाही. टीबीसाठी थुंकी तपासली आणि निगेटिव्ह आली, तर ती दिलासा देणारी गोष्ट. कोविडने हे बहुतेकांना शिकवलं, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिपोर्ट वाचून दाखवताना ‘पॉझिटिव्ह आलाय’ एवढंच सांगून थांबू नका. ‘जंतू सापडलेत’ किंवा ‘नाही सापडले’ असं मराठीत सांगा. आणि ‘इनकन्क्लुझिव्ह’ लिहिलेलं असेल तर त्या चाचणीवरून काहीच ठरवता आलं नाही असा अर्थ, म्हणजे पुन्हा तपासणी करावी लागणार.

सातवी पायरी: प्रोजेक्टमधलं प्रकरण

विज्ञानाच्या किंवा शेतकीच्या प्रोजेक्टमध्ये ‘रिझल्ट्स’ आणि ‘डिस्कशन’ ही दोन प्रकरणं असतात. बहुतेक मुलं दोन्हींत तेच लिहितात. वरचे दोन प्रश्न इथेही कामाला येतात. ‘रिझल्ट्स’मध्ये फक्त काय आढळलं. ‘डिस्कशन’मध्ये कशामुळे. समजा तुम्ही पलूसच्या काळ्या रानातली माती तपासली आणि सामू (पीएच) ८.२ आला. ‘रिझल्ट्स’मध्ये एवढंच लिहा की सामू ८.२ होता, किती नमुने घेतले आणि ते कोणत्या खोलीवरून. पाण्याचा अतिवापर, निचरा, क्षार यांची चर्चा पुढच्या प्रकरणात. ‘रिझल्ट्स’ भूतकाळात लिहितात: “द पीएच वॉज ८.२.” अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला तर तोही लिहायचा, लपवायचा नाही. तोही रिझल्टच आहे, आणि चांगला परीक्षक आधी त्याच्याकडेच बघतो.

भौतिकशास्त्रात ‘रिझल्टंट’ भेटतो. काटकोनात लावलेली ३ न्यूटन आणि ४ न्यूटनची दोन बलं मिळून ५ न्यूटनचं एक बल होतं, ते ‘रिझल्टंट फोर्स’. हा शब्द तिथेच ठेवा. रोजच्या लिखाणात ‘त्यातून झालेलं’ म्हणायला ‘रिझल्टिंग’ पुरतं: “द रिझल्टिंग लॉस”.

आठवी पायरी: शेजारचे शब्द

‘कॉन्सिक्वेन्स’ बहुधा वाईट परिणामासाठी येतो. वडीलधारी ‘परिणाम भोगावे लागतील’ म्हणतात, तो परिणाम. ‘इफेक्ट’ एखाद्यावर होतो, म्हणून त्याच्या पुढे ‘ऑन’ येतो: “द इफेक्ट ऑफ द फ्लड ऑन शॉपकीपर्स”. ‘आउटकम’ म्हणजे शेवट काय झाला, तोही आधी ठाऊक नसलेल्या गोष्टीचा: वाटाघाटी, उपचार, खटला. “व्हॉट वॉज द आउटकम ऑफ द मीटिंग?” हे ऑफिसात रोज विचारलं जातं. ‘एंड रिझल्ट’ किंवा ‘फायनल रिझल्ट’ मध्ये पहिला शब्द बऱ्याचदा फुकटचा असतो, काढून बघा.

शेवटची पायरी: अर्ज आणि मेल

बायोडेटात ‘रिझल्ट ओरिएंटेड’ लिहू नका. हा शब्द इतक्या बायोडेटांत असतो की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. त्याऐवजी तुम्ही काय केलं आणि त्यातून काय झालं ते एका ओळीत लिहा: “आय री-अरेंज्ड द टूल रॅक, अँड सेटिंग टाइम केम डाउन.” खरा आकडा असेल तर तोही द्या. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही हाताने केलेल्या कामाचं वजन त्या विशेषणापेक्षा कितीतरी जास्त आहे.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लिहिताना पाल्हाळ नको. निकाल कधी लागणार हे विचारायला: “आय वुड लाइक टू नो व्हेन द सेकंड सेमिस्टर रिझल्ट्स विल बी डिक्लेअर्ड.” निकाल राखून ठेवला असेल तर: “माय रिझल्ट हॅज बीन विथहेल्ड. काइंडली लेट मी नो द रीझन.” ‘विथहेल्ड’ म्हणजे रोखून ठेवलेला, त्याचा अर्थ नापास असा होत नाही, घाबरून जाऊ नका, बहुतेकदा एखादा कागद किंवा फी अडकलेली असते. फेरमूल्यांकनाचा अर्ज करून गुण तेच राहिले, तर उत्तरात ‘नो चेंज’ येतं. मेलच्या विषयाच्या ओळीत आसन क्रमांक, परीक्षेचं नाव आणि वर्ष टाका. नुसतं ‘रिझल्ट’ लिहिलेले ढीगभर मेल तिथे रोज येत असतात.